चि. ताईस पत्र : तलावाकाठच्या जुन्या सराईविषयी

चोपडा, जि. जळगाव
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

चि. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या वसंतात अप्पाकाका आणि काकू तुझ्याकडे येणार आहेत. त्यांच्यासाठी इंग्लंडातल्या ग्रासमिअर गावची, आपण उतरलो होतो तीच जुनी सराई ठरवावी की विंडरमिअरकडचे एखादे नवे हॉटेल घ्यावे, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर फोनवर एका शब्दात देता आले असते. परंतु तिथे असताना तू प्रत्येक करकरणाऱ्या पायरीपाशी, प्रत्येक ठेंगण्या दारापाशी आमच्याकडे ओशाळून पाहत होतीस, आणि तो ओशाळेपणा तुझ्या या प्रश्नातही मला दिसला, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सराईच ठरव.

तुला शाळेत इतिहास शिकवताना सर टॉमस रो याचे नाव मी अनेकदा घेतले असेल. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून तो सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी अजमेरला निघाला, तेव्हा त्याचा रस्ता आपल्या खानदेशातून, नंदुरबार आणि आपल्या याच चोपड्यावरून बऱ्हाणपुराकडे गेला होता. 1615 च्या नोव्हेंबरात तो बऱ्हाणपुरास पोहोचला. शहराच्या कोतवालाने त्याला लवाजम्यासह सराईत नेले. दर्शनी बाजू दगडी आणि देखणी होती, पण आत त्याच्या वाट्याला ज्या चार खोल्या आल्या त्या भट्टीएवढ्याच, वर घुमटाकार आणि भिंतीतच विटांनी बांधलेल्या होत्या, असे त्याने आपल्या रोजनिशीत रागाने लिहून ठेवले आहे. आपण शहर सोडून जातो, असा निरोप त्याने कोतवालाला धाडला, तेव्हा सकाळपर्यंत धीर धरा, गावात याहून चांगली जागा नाही, असे उत्तर आले. शेवटी स्वतःच्या तंबूंचाच त्याला आधार वाटला. ग्रासमिअरच्या त्या खोलीत शिरताना माझे डोके चौकटीला लागले तेव्हा मला पहिल्यांदा हा रोच आठवला आणि हसू आले. तुला वाटले मी कळ लपवण्यासाठी हसतो आहे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने आपल्या मुलखातल्या सराईला नावे ठेवली, तर खानदेशातला एक निवृत्त मास्तर त्यांच्या सराईत पाहुणा म्हणून राहावा आणि त्याने नावे ठेवू नयेत, यात मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

नावे ठेवण्यासारखे फारसे नव्हतेही. जमीन एका बाजूला कललेली होती, तुझ्या आईची औषधाची बाटली रात्री घरंगळत पलंगाखाली गेली, आणि एप्रिल अर्धा उलटला तरी पहाटे दोन रजया पुरल्या नाहीत. मला मात्र त्या घराची रचना वाचण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही. मागच्या अंगणात आता मोटारी उभ्या राहतात, ती घोड्यांची पागा होती. टपालाच्या आणि उतारूंच्या गाड्या ठरावीक अंतरावर अशा सराईत थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे जोडत आणि पुढे निघत. ग्रासमिअरच्या उत्तरेला डनमेल रेझ ही खिंड आहे. असा चढ आला की घोड्यांचा भार हलका करण्यासाठी उतारूंना पुष्कळदा खाली उतरून चालावे लागे. चढापूर्वी पोटभर जेवायला आणि चढ उतरून आल्यावर अंग शेकायला असे घर लागणारच.

पुढे आगगाडी आली आणि इंग्लंडातल्या अशा कितीतरी सरायांचा धंदा बसला. विंडरमिअरपर्यंत रूळ 1847 मध्ये पोहोचले. त्यापूर्वी 1844 मध्ये वर्ड्‌स्वर्थ या म्हाताऱ्या कवीने वर्तमानपत्रात पत्रे लिहून त्या रेल्वेला विरोध केला होता. रूळ विंडरमिअरलाच थांबले, ग्रासमिअरला ते कधी आलेच नाहीत, म्हणून ते गाव आजही दगडी भिंती आणि पाटीच्या दगडाची छपरे यांच्यात मावते. भुसावळच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, कारण रेल्वे वजा केली तर भुसावळात काय उरते, हा प्रश्नच आहे.

तुझ्या आईची अडचण वेगळी होती. जेवणाच्या दालनातच दारू मिळते, हे समजल्यावर ती पहिल्या संध्याकाळी वरून खाली यायला तयार नव्हती आणि बरोबर आणलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी खोलीतच खाऊ म्हणत होती. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला. ती चहाचा कप घेऊन चुलाण्यापाशी बसली, आणि शेजारी कुत्रे पायाशी घेऊन बसलेल्या एका म्हातारबाबांनी तिला खिडकीतून समोरच्या उतारावरच्या हर्डविक मेंढ्या दाखवल्या. त्यांची कोकरे जन्मतः काळी असतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. कुंपण नसले तरी मेंढी आपला डोंगर सोडत नाही, कारण तो तिने आईमागे फिरून ओळखून घेतलेला असतो. आपल्या ठेलाऱ्यांची मेंढरे कोसन् कोस चालतात, ही गोष्ट आईने तुझ्याकडून त्यांना इंग्रजीत सांगवली, आठवते ना? त्यानंतर दारूचा विषय तिने काढला नाही.

ती पावसाची संध्याकाळ मला आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटते. तू आम्हाला डव्ह कॉटेज दाखवलेस. 1799 च्या डिसेंबरात वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी तिथे राहायला आली, त्याआधी ते घरही एक सराईच होते. त्या डोरोथीची रोजनिशी मी सराईच्या खिडकीतल्या फडताळावर पाहिली आणि रात्री वाचली. 15 एप्रिल 1802 रोजी भावाबहिणींनी अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालताना वाऱ्यात डोलणारी डॅफोडिलची फुले पाहिली. त्यावरची प्रसिद्ध कविता दोन वर्षांनी लिहिली गेली आणि 1807 मध्ये छापून आली. त्या दिवसाचा शेवट मात्र कवितेत नाही, तो बहिणीच्या वहीत आहे. पाऊस आला, दोघे पॅटरडेलच्या सराईत शिरली, मालकीणबाईचे तोंड आंबट होते, पण ती तिची रीतच आहे, असे डोरोथी लिहिते. मग विस्तवाजवळ बसून मांस-बटाट्यांचे चविष्ट जेवण झाले, आणि खिडकीच्या कोपऱ्यात रचलेल्या पुस्तकांत भावाला वाचण्याजोगे काही सापडले. फुलांइतक्याच आपुलकीने तिने त्या जेवणाची नोंद केली, हे मला फार आवडले. नव्या हॉटेलात खोली उबदार मिळेल, दार उंच असेल, पण अप्पा आणि काकू तिथे संध्याकाळी आपापल्या खोलीत दूरदर्शनसंच लावून बसतील, हे मी त्यांच्या स्वभावावरून खात्रीने सांगतो.

आता व्यवहाराचे. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून खोली तळमजल्यावरच मागून घे आणि तशी खोली नसेल तर तारखा पुढे-मागे कर. न्हाणीघरात उंच काठाच्या टबाऐवजी साधा शॉवर आहे का, ते विचार. जादा रजया आधीच सांगून ठेव. शाकाहारी जेवणात सूप आणि भाजलेला बटाटा यांपलीकडे फारसे काही मिळत नाही, तेव्हा मेथीची पुरी आणि लोणचे इकडून पाठवू. ईस्टरच्या सुट्टीत गर्दी आणि भाडे दोन्ही वाढते, ती टाळून एप्रिलचा दुसरा पंधरवडा धर. डॅफोडिल तोवर उतरणीला लागतील, पण कोकरे असतील.

काल आखाजी झाली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, कडुनिंबाला झोके बांधले, तुझी आठवण निघाली. पारा 43 च्या पुढे आहे आणि आई गच्चीवर बिबडे वाळत घालते आहे. तुझ्यासाठी एक डबा वेगळा काढला आहे, तो अप्पांबरोबर येईल. त्यांच्या व्हिसासाठी तुझे निमंत्रणपत्र उपयोगी पडेल, ते वेळेवर पाठव.

तुझे,
बाबा