आखाजीला येताना काय घेऊन यायचं

अमळनेर,
पाडव्याचा दुसरा दिवस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लग्नाला आणि इंटरव्ह्यूला काय घालायचं म्हणून तू पाठवलेले कपड्यांचे सगळे फोटो काल दुकान वाढवल्यावर नीट पाहिले. 'आप्पा, फक्त हो की नाही एवढंच सांगा' असं लिहिलंयस. पण कापडाचं हो-नाही एका शब्दात होत नाही, आणि फोनवर मी बोलायला लागलो की तू 'हं, हं' करत लॅपटॉपवर टकटक करत असतेस. म्हणून लिहूनच काढतो.

आधी बिनबाह्यांच्या ड्रेसचं मिटवून टाकू. त्यांना मी नाही म्हणतोय. तुला वाटेल, झालं, गावाकडचा बाप बोलला. तसं नाही बेटा. पुण्यात संध्याकाळी ते खुशाल घाल; त्यातला गेरू रंगाचा तर तुला शोभतोही. माझं भांडण उन्हाशी आहे, लोकांशी नाही. मुंबईत हवा दमट, घाम वाळतच नाही, तिथे अंगावर जितकं कमी कापड तितकं बरं. आपल्याकडे वैशाखात पारा 44-45 वर जातो आणि हवा कोरडी ठाक. अंगाचं तापमान 37. म्हणजे बाहेरची हवाच अंगाहून गरम. उघड्या दंडाला वारा लागला की गारवा मिळत नाही, चटका बसतो. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो. अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची पाळी येते. कापड पातळ, सैल आणि पूर्ण बाह्यांचं असलं की कातडीवर सावली राहते आणि आत हवा खेळते. इथे झाकलेलं अंगच थंड राहतं.

पटत नसेल तर एस.टी.च्या खिडकीतून शेतांकडे बघ. निंदणीला बसलेल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, बटणं गळ्यापर्यंत लावतात, वरून रुमाल असा बांधतात की नुसते डोळे दिसावेत. त्यांना कोणी फॅशन शिकवायला गेलं नव्हतं. तसलाच ढगळ शर्ट तू पुण्याच्या मॉलमधून दीड हजाराला आणलास, पांढऱ्यावर निळ्या रेघांचा. तो मात्र न विसरता आण. सुती कुर्तीवर उघडा टाकलास की प्रवासात कामाला येईल आणि दिसेलही झकास.

आता धरणगावचं लग्न. तिथलं कार्यालय तुला माहीत आहे. वर पत्रा, खाली चारी बाजूंनी मांडवाचं कापड, आणि कूलर सगळे स्टेजच्या दिशेने. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, म्हणजे अक्षता पडायला दीड वाजणार. त्यात तू पाठवलेला तो वाइन रंगाचा घागरा! वरून नेट, मधे फुगवट्यासाठी कडक जाळीचं कॅनकॅन, आतून सॅटिन. फोटोखाली 'सिल्क' लिहिलंय, आणि वरचं कापड सिल्क असेलही. पण अंगाला लागतं ते अस्तर, आणि घागऱ्याचं अस्तर कोणी बघत नाही. दुकानात गिऱ्हाईक वरच्या जरीवर बोट फिरवतं, मी आधी कापड उलटं करून बघतो. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सॅटिनचं अस्तर घामाला जागाच देत नाही. तो तसाच अंगावर साचून राहतो आणि दोन तासांनी कमरेला पुरळ उठतं.

अस्तर कशाचं आहे हे ओळखायला व्यापारी लागत नाही. आतल्या शिवणीतून एक धागा ओढ आणि काडी लाव. सूत असेल तर कागदासारखा जळेल आणि राख चिमटीत विरून जाईल. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. तो मणी लगेच हाताने धरू नकोस, चटका देतो. परवाच एक ताई 'प्युअर कॉटन' अशी चिठ्ठी लावलेला ऑनलाइन ड्रेस घेऊन आल्या होत्या. काउंटरवर धागा पेटवून दाखवला तर मणी. आपल्या भागात एवढी कपाशी पिकते, गावोगाव जिनिंग आहेत, आणि लग्नाच्या मांडवात नव्वद टक्के अंगांवर पॉलिस्टर. यावर मी जास्त बोललो की तुझी आई म्हणते, तुम्हीच तर विकता. विकतो. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं, पण मुलीला काय सांगायचं ते माझ्या हातात आहे.

तर दुपारच्या लग्नाला महेश्वरी साडी नेस. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला रेशीम, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला सूत. त्यामुळे चमक रेशमाची येते आणि वजन सुताचं राहतं. साडी दिसते लग्नातली आणि नेसल्यावर अंगावर आहे की नाही कळत नाही. दुकानात नवा माल आलाय, त्यातली डाळिंबी रंगाची तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. पोपटी पण आहे, ती तुझ्या काकूला आवडली, त्यामुळे तू पोपटी मागू नकोस. ब्लाउज कोपरापर्यंत बाह्यांचा, मलमलच्या अस्तराचा शिवू. परकर सुतीच हवा. आजकाल तुम्ही मुली साडीखाली तो अंगाला चिकटून बसणारा ताणाचा परकर घालता. साडी चापूनचोपून बसते हे खरं, पण वैशाखातल्या दुपारी ती शिक्षा आहे.

लिननचा फिका कुर्ता लग्नासाठी म्हणून पाठवला होतास, तो त्या दिवशी नको. कापड उत्तम आहे, तक्रार कापडाची नाही. पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी असणार. भाजीवर तेलाचा तवंग, वाढणारे घाईत, आणि शेजारी तुझे मामा. फिक्या लिननवर एक थेंब पडला की दिवसभर तोच दिसतो. बारीक छपाईचं किंवा बुट्ट्यांचं कापड असे अपघात पोटात घालतं.

आदल्या रात्री हळद आहे. तिथे सगळ्याजणी पिवळं घालतात, तूही घाल, पण स्वस्तातलं सुती आणि जुनं झालं तरी चालेल असं. हळदीचा डाग साबणाला लागला की लाल होतो. घाबरून घासत बसू नकोस. धुऊन कडक उन्हात टाक, ऊनच तो डाग खाऊन टाकतं. ते तर आपल्याकडे फुकट आहे.

लग्नाच्या संध्याकाळी जळगावला रिसेप्शन आहे, तो हॉल एसीचा. आईची पैठणी तिथे काढ. एवढं जड रेशीम दुपारी घामात भिजवायचं नसतं. घामाने जर काळी पडते आणि काखेत रेशीम विरतं. तो घागरा घालायचाच असेल, हट्टच असेल, तर तोही इथेच. आधी अस्तर उसवून कॅम्ब्रिकचं, म्हणजे तलम सुती कापडाचं लावून घेऊ, आपला टेलर करून देईल.

आखाजीला नटायची गंमत वेगळी. गौराई, झोका, गाणी, दुपारी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. मुली माहेराला येतात त्या मोकळं व्हायला, त्यामुळे त्या दिवशी कापड असं हवं की झोक्यावर उभं राहून उंच झोके घेता आले पाहिजेत. सांगानेरी छपाईचा सैल कुर्ता आणि खाली सुती सलवार. ओढणी छोटी घे किंवा कमरेला खोच. झोक्याच्या दोराला लांब ओढणी गुंतते. आणि सकाळी सांजोऱ्या तळायला जिजीजवळ बसशील तेव्हा अंगावर जॉर्जेट, शिफॉन काही नको. चुलीजवळ सुती कापडाला ठिणगी लागली तर झटकता येते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. या एका बाबतीत मी फॅशनचं काही ऐकून घेणार नाही.

जळगावच्या इंटरव्ह्यूचं सोपं आहे. हातमागाचा राखाडी किंवा निळसर कुर्ता, खळ देऊन कडक इस्त्री केलेला, सरळ सुती पँट, पायात बंद चप्पल. फक्त तो घालून गाडीत बसू नकोस. सकाळच्या गाडीतही सीटला पाठ टेकून घड्या मोडतात. साध्या कुर्त्यात जा, इस्त्रीचा पिशवीत आडवा ठेव आणि मावशीकडे बदल.

आखाजी तृतीयेला, आपल्या अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेचा रथ एकादशीला. मधे जेमतेम आठवडा, तेव्हा रजा थोडी वाढव आणि रथ बघूनच जा. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, पाळणे, धूळ, रेटारेटी, घामाघूम गर्दी. तिथे दागिना नको, ओढणीही नको. खोल खिशाचा कुर्ता आणि पायात पट्ट्याची सँडल, कारण गर्दीत साधी चप्पल पाऊल टाकायच्या आत मागे राहते. मुलींच्या कुर्त्याला खिसे ठेवायला शिंप्यांना काय धाड भरते मला समजत नाही. तुझ्या सगळ्या कुर्त्यांना मी दोन्ही बाजूंनी खिसे सांगणार आहे.

रंगाचं विचारलं होतंस. उन्हात फिरायचं तर फिके रंग, पण अगदी झिरझिरीत पांढरं नको. विरळ विणीतून ऊन आत शिरतं आणि खांदे भाजतात. कापड उजेडात धरून बघ. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर ते बाहेरच्या उन्हासाठी नाही, घरात घालायला ठीक. काळा कुर्ता तुला फार आवडतो, तो संध्याकाळी घाल.

शिवायचं लवकर ठरवू. लग्नसराईत टेलर कोणाचा नसतो. चैत्र संपला की तो मापं घेतो, पण तारीख देत नाही. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, 44 इंची असेल तर तुझ्या उंचीला पूर्ण बाह्यांचा कुर्ता अडीच मीटरमध्ये होतो. पुण्यात तुला काही आवडलं तर तेवढं घे, आणि शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळव. सूत पहिल्या पाण्याला आटतंच. बाई शिवून आणतात, एकदा धुतात आणि मग दुकानदाराला बोल लावतात. माप देताना काखेत आणि दंडात नेहमीपेक्षा एक इंच जास्त सांग. तुमचं ते अंगाबरोबर बसणारं फिटिंग डिसेंबरात छान दिसतं. उन्हाळ्यात खांदा मापात बसला पाहिजे, खालचं सगळं सैल. खांदा चुकला की महागाचं कापडही उसनं आणल्यासारखं दिसतं.

तुझ्या भावाचं मात्र डोकं फिरलंय. त्याला लग्नात वेल्वेटचा जोधपुरी घालायचाय, मरून रंगाचा, आतून पूर्ण पॅड लावलेला. मी सांगून थकलो. तू ताई आहेस, तुझं ऐकतो. त्याला लिननचा बंद गळ्याचा, अर्ध्या अस्तराचा कोट सांग, खाली पांढरा सुती कुर्ता. अर्धं अस्तर असलं तरी कोट बसतो. फोटोत कोणाला आतलं अस्तर दिसणार आहे? पण कोट काढून टाकलेला, घामाने थबथबलेला तो प्रत्येक फोटोत दिसेल, हे त्याला तुझ्या शब्दांत सांग.

येताना सनकोट, मोठा सुती स्कार्फ आणि पाण्याची बाटली हाताशी ठेव, बॅगेच्या तळाशी नको. स्टेशनवर मी बागायती रुमाल घेऊन येईनच, पण तुझा स्कार्फ डोक्याला बांधूनच उतर. जिजीचा निरोप आहे, 'पोरीले सांग, कांदा खिशात ठेव.' कांद्याचं मी काही सांगत नाही, तिचं मन ठेव म्हणजे झालं.

दंड, छाती, कंबर आणि कुर्त्याची उंची एवढी मापं येत्या रविवारपर्यंत पाठव. मापं टेपने घे, जुन्या ड्रेसवरून नको, आणि रूमवरच्या मैत्रिणीकडून घेववून घे. आपलं माप आपण घेतलं की नेहमी कमी भरतं.

तुझे,
आप्पा

ता. क. ती निळी अजरख छपाईची ओढणी घेतली असशील तर पहिले दोन-तीन वेळा वेगळी धू, रंग सुटतो. महेश्वरीबरोबर एका बॅगेत ओली ठेवू नकोस.