साडेपंच्याहत्तर

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकून मोकळा होणार होतो. पण बाबा म्हणाले, "शिव्या चारचौघांत देतोस ना? मग आभारही चारचौघांतच मान." म्हणून हे असं उघड्यावर. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

तुम्ही करून दिलेली जुन्या रेकॉर्डची कॉपी गेल्या आठवड्यापासून घरात रोज वाजते. एका बाजूला नाट्यपद, दुसऱ्या बाजूला भैरवी, दोन्ही मिळून जेमतेम साडेसहा मिनिटं. मूळ तबकडी तुम्ही सांगितलंत तशी कपाटात उभी ठेवली आहे, आडवी नाही. बाबांच्या गुरुजींची ही एकुलती एक रेकॉर्ड. गुरुजींचं नावही लिहीत नाही. बहुतेकांना ते आठवणार नाही, आणि ज्यांना आठवेल त्यांना लिहून सांगायची गरज नाही. बाबा 9 वर्षं त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसले. स्वतः गवई झाले नाहीत, बँकेत कारकून झाले. पण त्या 9 वर्षांत कानात जे बसलं ते पेन्शनीत निघालं तरी उतरलेलं नाही. हे मला माहीत होतं असं मी समजत होतो.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं ते तुम्ही विचारलं नव्हतंत. तबकडी हातात घेऊन उजेडाकडे तिरपी धरलीत, एवढंच म्हणालात, "स्पिरिट?" मी मान खाली घातली. तो पराक्रम आमच्याच गावातल्या एका 'जाणकारा'चा. नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर, एल.पी.वर चालतं म्हणून याने लाखेच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. लाख स्पिरिटात विरघळते हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. तेच मिश्रण तर तो कपाटाला पॉलिश म्हणून लावतो. नाट्यपदाच्या सुरुवातीचा बोटभर पट्टा पांढुरका पडला तो कायमचा. तिथे गुरुजींचा पहिला आलाप आहे. म्हणजे होता.

मग आम्ही मोठ्या शहरात गेलो. काचेमागचा स्टुडिओ, एसी, भिंतीला स्पंज. मी स्वतः या नादातला माणूस, त्यामुळे यंत्रं बघूनच भारावलो. माझ्याकडे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे, आणि स्पीकरच्या वायरी ज्या भावाने घेतल्या तो भाव बायकोला अजून सांगितलेला नाही. अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एल.पी.च्या दोन प्रती आहेत, एक ऐकायला आणि एक नुसती असायला. अशा माणसाला स्पंजाच्या भिंतीचा मोह पडतोच. त्या गृहस्थांनी बाबांना बाहेरच्या सोफ्यावर बसवलं. "आजोबा, तुम्ही चहा घ्या. हे टेक्निकल काम आहे."

तासाभरात फाइल मिळाली. खरखर नाहीच. इतकी नाही की सुरुवातीला मला वाटलं, आवाज चालूच झालेला नाही. आणि मग गुरुजी गायला लागले. म्हणजे कुणीतरी गायला लागलं. पाण्याखालून आल्यासारखा, बारीक, घाईघाईचा आवाज. तंबोरा गायब. खरखर काढता काढता जवारी, तारांची ती गुंजणारी झणझण, सगळी खरवडून निघाली होती. बाबांनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "हे गुरुजी नव्हेत. यांची पट्टीच लागत नाही."

मी त्यांना पुन्हा आत नेलं. त्या गृहस्थांनी पडद्यावर तबकडीच्या वेगाचा आकडा दाखवला, मिनिटाला किती फेरे तो: 78.00. "मशीन कसं चुकेल? आजोबांच्या कानाला आता वरचे सूर कमी ऐकू येत असतील. आणि तरुणपणी गायले असतील चढ्या पट्टीत." बाबा काही बोलले नाहीत. परतीच्या बसमध्येही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर काका, मलाही तेव्हा वाटलं की चौऱ्याऐंशी वर्षांचे कान आहेत, असेल तसंच. आज हे लिहिताना या वाक्याची सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. त्या स्टुडिओवाल्याला नावं ठेवतो आहे खरा, पण त्या दिवशी त्याच्या बाजूने मनातल्या मनात मीही मान हलवली होती.

आणखी एक संग्राहक भेटले. त्यांच्याकडे म्हणे हजारो रेकॉर्ड आहेत. त्यांनी तबकडी पाहिली, लेबल पाहिलं, आणि कॉपीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "देणार का?" नाही म्हटल्यावर त्यांना अचानक कुठेतरी जायचं होतं.

आणि तुम्ही मिरजेत! सांगलीपासून 10 किलोमीटरवर. काखेत कळसा म्हणतात तो हाच. ज्या गावात भोपळ्यातून तंबोरे घडतात, जिथे दर्ग्यात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत, त्या गावात सुराचा वाली सापडेल हे आधी सुचायला हवं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, दोन खोल्या, भिंतीला रेकॉर्डी, खाटेखाली बाजाची पेटी. स्पंज कुठेच नाही. पंखा मात्र तुम्ही बंद केलात, आणि त्या उकाड्यात तीन तास तुमच्या कपाळावरचा घाम मी बघत होतो.

सुयांची ती पत्र्याची डबी मी विसरणार नाही. एल.पी.च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 25 मायक्रॉन, लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेला त्याच्या जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई लावली की ती तळाशी जाऊन बसते, जिथे ऐंशी वर्षांची धूळ आणि पोलादी पिनांनी केलेला भुगा साठलेला असतो. मग खरखर येणार नाही तर काय? आधी चुकीच्या सुईने ती खरखर गोळा करायची आणि मग कॉम्प्युटरने ती पुसत बसायचं, त्या स्टुडिओचं सगळं 'टेक्निकल काम' एवढंच होतं हे मला तुमच्याकडे कळलं. तुम्ही एकामागून एक चार सुया लावून पाहिल्यात. तिसऱ्या सुईला तुम्ही नुसतं "हं" केलंत. ती खाचेच्या त्या उंचीवर बसली जिथे जुन्या पिना पोचल्याच नव्हत्या. खरखर होती, पण पावसासारखी, मागे. पुढे गळा होता, आणि त्या दोघांच्या मधे, हलका, तंबोरा.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. पण चेहरा तसाच. "गळा त्यांचा आहे. सूर नाही."

इथे दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, बरं, बघतो. तुम्ही काय केलंत? टर्नटेबलवर वेगाचा आकडा दाखवणारी ती लाल अक्षरांची खिडकी आहे ना, तिच्यावर तुम्ही टेबलावरचं एक जुनं पोस्टकार्ड टेकवून ठेवलंत. आकडा झाकून टाकलात. मग बाबांची खुर्ची ओढून घेतलीत, त्यांचा उजवा हात उचलून वेगाच्या बटणावर ठेवलात आणि म्हणालात, "आता तुम्ही लावा. तंबोरा लावायचात तसा."

बाबांचा हात कापतो. चहाची बशीही दोन हातांनी धरावी लागते. मला वाटलं, काहीतरी होईल, तबकडी ओरखडेल. मी पुढे झालो तर तुम्ही माझ्याकडे न बघता हातानेच थांबवलंत. बाबांनी डोळे मिटले. बटण इकडे, तिकडे, परत इकडे. गुरुजींचा आवाज ढळत होता, वर जात होता, खाली येत होता, कधी पोरसवदा, कधी जडावलेला. आणि मग एका जागी बाबांचा हात थांबला. म्हणजे कापायचाच थांबला असं मी म्हणणार नाही, पण थांबला.

"हां. इथे."

तुम्ही पोस्टकार्ड लगेच काढलं नाहीत. आधी खाटेखालची पेटी ओढलीत, काळी एक ही पट्टी धरलीत. रेकॉर्डमधल्या पेटीचा सा त्यावर असा येऊन बसला की दोन पेट्या आहेत हेच कळेना. मग तुम्ही वेग चढवून 78वर नेलात आणि पुन्हा पट्टी शोधायला सांगितलीत मला. सापडेना. काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या खाली, दोन पट्ट्यांमधल्या फटीत. "गवई पट्टी बदलेल हो, पण पेटी फटीत वाजत नाही," असं तुम्ही म्हणालात. आणि मग पोस्टकार्ड उचललंत. बाबांनी लावलेला वेग तुम्ही एका चिठ्ठीवर आधीच टिपून ठेवला होता तो वाचलात: 75.5.

तेव्हाच्या छोट्या कंपन्यांची यंत्रं छापल्या आकड्याप्रमाणे फिरत नसत, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आणि वेग तपासायच्या रेघांच्या चकतीची, स्ट्रोबची गंमतही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर तिच्या 77 रेघा स्थिर दिसल्या की वेग असतो 77.92. म्हणजे ज्या 78ची शपथ तो स्टुडिओवाला घेत होता तो आकडाही नेमका नसतो. मला त्या रात्री केसरबाई आठवल्या. गोव्यातल्या केरीच्या थोर गायिका केसरबाई केरकर. 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अंतराळात गेली. त्या तबकडीच्या वेष्टनावर आकृत्या कोरल्या आहेत: सुई कुठे ठेवायची, एक फेरा किती वेळात पुरा व्हायला हवा. 3.6 सेकंद. सेकंद म्हणजे काय हे परग्रहावर ठाऊक नसणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूवरून काळाचं माप समजावलं आहे. सुई आणि कार्ट्रिजसुद्धा सोबत दिलं आहे. कधी काळी कुणी ऐकलंच तर बाईंचा सूर चुकीचा लागू नये म्हणून केवढी ही काळजी! आणि इथे, पृथ्वीवर, ज्याला सूर ठाऊक होता तो माणूस बाहेर सोफ्यावर चहा पीत बसला होता.

पैसे घेतले नाहीत असं लिहिता आलं असतं तर पत्र आणखी गोड झालं असतं. तुम्ही 800 रुपये घेतलेत, पावती दिलीत आणि वरचे 200 परत केलेत. बरं केलंत. बाबांना फुकटची भीड वाटली असती आणि आम्ही घरातल्या उरलेल्या दोन रेकॉर्डी घेऊन पुन्हा आलोच नसतो. पांढुरक्या पट्ट्याचं काही करता येणार नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. "गेलं ते गेलं. बनवून देता येतं, पण मग ते गुरुजी नसतील." या वाक्यावर बाबांनी तुमच्याकडे जसं पाहिलं तसं त्यांनी माझ्याकडे पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही. असो.

या छंदात माणसं दोन तऱ्हेची भेटतात, हे मला आता पटलं आहे. एक, ज्यांच्याकडे 'आहे'. दुसरी, जी ऐकवतात. जुन्या बाजारात गुडघ्यावर बसून भंगारातून तबकड्या वेचणारे, घरी नेऊन साबणाच्या पाण्याने पुसणारे, मैफलींची स्पूल अनोळखी माणसाला हसत कॉपी करून देणारे असे लोक मी पाहिले आहेत. आपलं अर्धं संगीत अशांनी जपलं आहे. त्यांच्या घरांत बहुधा स्पंज नसतो, आणि वायरी माझ्यापेक्षा स्वस्त असतात. मीही घरी आल्यावर दुसरी मारवा-दरबारी एका शिकणाऱ्या मुलाला देऊन टाकली. पहिली दिली नाही, एवढा मोठा अजून झालेलो नाही.

बाबा आता भैरवी लागली की उजवा हात मांडीवर ठेवतात आणि अंगठा-बोटाने काहीतरी फिरवतात, अगदी थोडं. आईला वाटलं, सांधा दुखतोय. तेल लावून देत होती.

पावसाळा संपला की उरलेल्या दोन घेऊन येतो. ओल असताना काढू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात.

आपला,
सांगलीचा वायरवाला

ता. क. तुमचं ते पोस्टकार्ड चुकून आमच्या पिशवीत आलं आहे. त्यावर तुमच्या कुणा नातेवाइकाने गव्हाचा भाव आणि गुडघेदुखी असं दोन्ही कळवलं आहे. मी परत पाठवणार होतो, पण बाबांनी मागच्या कोऱ्या जागेत कापऱ्या अक्षरात "साडेपंच्याहत्तर" लिहून ते तबकडीच्या वेष्टनात सरकवलं आहे आणि द्यायला तयार नाहीत. हवं असेल तर तुम्हीच या मागायला.