'तूच वाच' म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय फादर,

काल बाबांची सातव्या दिवसाची मिस्सा झाली. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि आज तुम्हाला लिहायला बसले आहे.

पुन्हा नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. फुप्फुसं निकामी झाली होती, आणि डॉक्टर काही लपवत नव्हते. शुद्धीवर असताना बाबा दोनदा म्हणाले होते, "आता नको गं, घरी ने." तरी माझ्या तोंडून शब्द निघेना, कारण तोवर मला दोन सल्ले मिळाले होते. चर्चच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका जाणत्या माणसाने फोनवर सुनावलं, "नळी नाकारणं म्हणजे जीव घेणं. पोपचा शब्द आहे, त्यावर आपण विचार करायचा नसतो." बाबा कसे आहेत, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "चर्चचं काय घेऊन बसलीस, मन सांगेल ते कर." माझं मन त्या रात्री काहीच सांगत नव्हतं, ते नुसतं घाबरलेलं होतं.

मग तुम्ही आलात. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून पिशवीतून कॅटेकिझमचं, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीचं, जाड पुस्तक काढलंत, २२७८ क्रमांकाचा परिच्छेद उघडलात आणि म्हणालात, "तूच वाच." माझा चष्मा घरी राहिला होता. तुम्ही स्वतःचा काढलात, झग्याच्या टोकाने पुसलात आणि माझ्या हातात दिलात. फादर, मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं. त्या क्षणापर्यंत सगळे मला सांगत होते. वाचायला कुणी दिलं नव्हतं.

आणि तिथे स्वच्छ लिहिलं होतं. फार जाचक, किंवा मिळणाऱ्या फळाच्या मानाने अवाजवी असे उपचार थांबवणं योग्य असू शकतं. त्यात मरण घडवायचं नसतं, ते आपल्याला अडवता येत नाही एवढंच मान्य करायचं असतं. रोगी सांगू शकत असेल, तर निर्णय त्याचा. मात्र रोजची शुश्रूषा सोडायची नाही, असं लगेच पुढच्या परिच्छेदात होतं. पोप बारावे पायस १९५७ सालीच डॉक्टरांना हेच सांगून गेले होते, हे तुमच्याकडून कळलं. म्हणजे ज्यांच्या नावाने मला धाक घातला गेला, त्यांची शिकवण माझ्या बाबांच्या बाजूने उभी होती!

रोमहून येणारा प्रत्येक शब्द अचूकच मानायचा, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. पोपच्या अचूकतेचा सिद्धांत, म्हणजे श्रद्धेबद्दल विधिवत अंतिम घोषणा करताना पोप चुकत नाही हा, १८७० साली मांडला गेला आणि तेव्हापासून त्या अधिकाराने एकदाच घोषणा झाली, १९५० मध्ये, मारियामातेच्या स्वर्गारोहणाची, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. बाकीची शिकवण म्हणून टाकून द्यायची नाही, ती आदराने ऐकायची, समजून घ्यायची, हेही लगेच जोडलंत. इंग्लिश कॅथलिक विचारवंत न्यूमन यांचं १८७५ चं पत्रही सांगितलंत. आधी सद्सद्विवेकाच्या नावाने प्याला उचलेन, मग पोपच्या, हे त्यांचं वाक्य लोक मिरवतात. पण सद्सद्विवेक म्हणजे मनमानी नव्हे, त्याला हक्क आहेत ते कर्तव्यांमुळे, हे त्यांनी त्याच पत्रात लिहिलंय, ते कुणी सांगत नाही.

"तुम्हीच सांगा ना, हो की नाही," मी विनवलं. तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं तर तो निर्णय माझा होईल. बाबा काय म्हणाले होते?"

आम्ही त्यांना घरी आणलं. चमच्याने पाणी पाजलं, वेदनेचं औषध वेळेवर दिलं. चौथ्या पहाटे रोझरी चालू असताना ते गेले.

इतकी सभ्य, समोरच्याला मान देणारी माणसं आपल्यात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

दफनाच्या वेळी तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक हातभर लांब धरून वाचत होतात, तेव्हा लक्षात आलं. चष्मा अजून माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी सकाळच्या मिस्साला घेऊन येते.

तुमच्या धर्मग्रामातली,
बाबांची थोरली