तुझा मळा बघून आलो

रत्नागिरी,
९ फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

"कुडाळला लग्नाला जातोयसच, तर माणगावला आमच्या जमिनीकडे एक चक्कर टाक, कुणी कुंपण घातलंय का बघ," असं तू म्हणाला होतास. कुंपण नाही. पण बाकी जे आहे ते फोनवर सांगायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

लग्नाचं फार सांगत नाही. सोलकढी पांचट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. माणगावातला रिक्षावाला आधी मला टेंबे स्वामींच्या जन्मस्थानीच घेऊन गेला. बाहेरचा माणूस दुसऱ्या कशासाठी येणार, असं त्याला वाटलं असावं! तिथं हात जोडले आणि निर्मला नदीच्या कडेने चालत सुटलो. पावसाळ्यात आंबेरीच्या पुलावरून पाणी जातं म्हणून पेपरात वाचतो ना आपण? आता त्याच नदीत पोरं घोट्याएवढ्या पाण्यात मासे हुडकत होती. पूर्वेला सह्याद्री इतका जवळ, की मनोहरगड हाताला लागेल असं वाटत होतं.

तुझा मळा हिरवागार आहे रे! पडीक असेल असं मी धरून चाललो होतो. वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावलंय. ओढ्यावर दगड, माती आणि वाळूच्या पिशव्या रचून बंधारा घातलाय, तिथून पाटाने पाणी आणलंय. जानेवारीत तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून लावणी केली, एप्रिलात कापणी. मेरेवरून, म्हणजे बांधावरून, चालताना पाय घसरून मी गुडघाभर चिखलात गेलो, तेव्हा पलीकडून एक म्हातारे हसले. तेच करतात तुमची जमीन.

तुझं नाव सांगितल्यावर ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "आमी करतंव म्हणान हय शेत तरी दिसता. नायतर रान माजला असता."

खरं आहे. पलीकडचे चार कोपरे, म्हणजे शेताचे तुकडे, तसेच पडलेत, रानमोडीने भरलेत. मी विचारलं, पाणी कमी पडतं का? "पाणी आसा, माणसां खय आसत?" पोरगे मुंबईला, मजुरी परवडत नाही, आणि उरलंसुरलं गवे आणि माकडं खातात. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात शेती पाण्यावाचून नाही, माणसावाचून सुकतेय, हे मला तिथं उभं राहून कळलं.

आता तुझ्या काकांबद्दल. कागद करून जमीन कसायला द्यायची म्हटलं की ते का बिथरतात, ते आपल्याला माहीत आहे. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कसणारा मालक झाला आणि आजोबांचा अर्धा मळा गेला, ती धास्ती अजून घरात बसलीय. पण त्या भीतीपायी म्हाताऱ्यांना कागद नाही, पीककर्ज नाही, आणि सातबाऱ्यावर तुम्ही अकरा जण! अर्धेलीचं, म्हणजे मालकाच्या अर्ध्या वाट्याचं, भात तरी कुणाच्या घरी जातं, तुला ठाऊक आहे का? मला तर वाटतं, कुणालाच नाही. रागावू नकोस, पण कुंपणाची चौकशी करायच्या आधी हे विचारायला हवं होतंस.

निघताना त्यांच्या घरी खळ्यात बसून चहा झाला. खळं शेणाने सारवलेलं, त्यावर कुळीद वाळत घातलेले. त्यांच्या बायकोने पायलीभर कुळीद फडक्यात बांधून दिले, तुझ्यासाठी, माझ्यासाठी नाही. "तेंका सांगा, भात कापूच्या आदी येवा," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतोय, तेव्हा कुळीद आणतो. तू मात्र एप्रिलआधी कुडाळचं तिकीट काढ. दोन काढ, मीही येईन, आणि या वेळी मेरेवरून तू पुढे चाल.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अव्या