दोघांपुरतीच, पण मॅक्रोनी कराच

विश्रामबाग, सांगली

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई पुन्हा तेच म्हणाली, "दोघांपुरतं काय करत बसायचं गं, खिचडी टाकते." तू असं म्हणालीस की मी वाद घालते, मग तू विषय बदलतेस आणि बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून या वेळी लिहून पाठवते आहे. पत्र तुम्ही दोघंही चष्मा लावून नीट वाचता.

नवरात्र संपलं, दसराही झाला. आता एखाद्या रविवारी, घरी कुणी पाहुणा नसताना, फक्त तुम्हा दोघांसाठी आपली टिनच्या मटणाची मॅक्रोनी करा. एवढंच मागणं आहे. कशी करायची ते आईला मी काय शिकवणार, पण दोघांचं माप आणि बाबांचं बीपी धरून ती थोडी बदलावी लागेल. ते बदल मी इथं करून, खाऊन पाहिलेत.

बाबा लष्करातून सुट्टीवर आले की ट्रंक उघडायची. दादा आणि मी कपड्यांच्या खाली काय आहे तेच बघायचो. चित्र नाही, नाव नाही, नुसते आकडे छापलेला तो मटणाचा डबा निघाला की दादा तो डोक्यावर घेऊन घरभर फिरायचा. आजी मात्र पदर नाकाला लावून म्हणायची, "कधीचं कापलेलं कोण जाणे, सातारच्या बाजारात ताजं मटण मिळत नाही का?" त्यावर बाबा तिला शांतपणे समजावून सांगायचे, ते मला अजून पाठ आहे. मांस डब्यात भरून आधी झाकण पक्कं बंद करतात, मग अख्खा डबा वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. आतले जंतू मरतात आणि बाहेरचे आत येऊ शकत नाहीत, म्हणून ते टिकतं. डबा फुगलेला दिसला तर मात्र उघडायचासुद्धा नाही, तसाच टाकायचा. आणि लेहला साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही तर मटण कुठलं शिजणार, म्हणून शिजलेलंच वर पाठवतात. आजीला यातलं किती पटायचं ठाऊक नाही, पण मुलगा तिकडं उपाशी राहत नाही एवढं ऐकून तिचा चेहरा निवळायचा.

डबा उघडायचा मान बाबांचाच. उघडताना दर वेळी ते सांगायचे की १८१० साली इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं, पण तो उघडायचं अवजार यायला पुढं चाळीसहून जास्त वर्षं लागली, तोवर लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडायचे. परवा मी हे माझ्या मुलाला सांगितलं. त्यानं विचारलं, "आजोबांना हे सगळं कसं माहीत?" बाबा, आता तो भेटला की त्याला तुमच्या तोंडून सांगा, त्याला आणखी खूप विचारायचंय.

आई, ती पांढरी ग्रेव्ही तू बेळगावच्या क्वार्टर्समध्ये शेजारच्या केरळच्या मावशींकडून शिकलीस ना? त्यात कांदा-लसूण मसाला घालायचं डोकं तुझं. बटरमध्ये मैदा परतून दूध घालणं जगभर करतात, पण डब्यातलं मटण आपल्या मसाल्यात परतून, त्यावर टोमॅटो आटवून, मग मॅक्रोनीत थर लावणं मी तरी दुसरीकडं कुठं खाल्लेलं नाही. वर अमूलच्या पत्र्याच्या डब्यातलं चीज किसलेलं आणि त्यावर बेकरीच्या टोस्टचा चुरा. काचेच्या खिडकीचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, त्याच्यासमोर पाटावर बसलेले आम्ही, आणि चीज तांबूस व्हायला लागलं की दादाची ओरड. आजी मॅक्रोनी भाकरीबरोबर खायची. "शेवयांच्याच जातीचं आहे हे," असं म्हणाली होती, आणि तिचं बरोबर होतं. चांगली मॅक्रोनी दुरम गव्हाच्या रव्याची असते, म्हणजे आपला बन्सी गहू. म्हणूनच ती शिजून लगदा होत नाही. दुकानातून आणताना पाकिटावर दुरम गव्हाचा रवा लिहिलाय का ते बाबांनी वाचून बघायचं. मैद्याची असेल तर ठेवून द्यायची, भट्टीत गेल्यावर तिची खीर होते.

आता टिनबद्दल. तसा मटणाचा डबा मला इथं मिळाला नाही. मोठ्या दुकानात चिकनचं लंचन मीट मिळतं, ३४० ग्रॅमचा डबा. त्याच्या बारीक चौकोनी फोडी करून तव्यावर कडा कुरकुरीत होईस्तोवर परतल्या की छान लागतात, मुलांनी ताट पुसून खाल्लं. पण बाबा, तुमच्यासाठी तो मला नको वाटतो. असं मांस खारवलेलं असतं. डब्यावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा येतो. मी गुणून पाहिलं आणि डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं आठवलं. शिवाय दोघांत अर्धा डबा उरणार. समजा कधी आणलाच, तर उरलेलं पत्र्याच्या डब्यात ठेवायचं नाही, स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवायचं.

तुम्ही मटणाचीच करा. कुकर पूर्ण दाबावर असतो तेव्हा आत साधारण १२० अंश असतात, म्हणजे डबे तापवतात जवळपास तेवढेच. म्हणून कुकरमध्ये सावकाश शिजवलेलं मटण तसंच रेशारेशानं सुटतं, आणि बाबांच्या कवळीला त्रास होत नाही. खांद्याकडचं बिनहाडाचं २०० ग्रॅम घ्या, बोराएवढ्या फोडी, अर्धी वाटी पाणी, एक तमालपत्र, चार-पाच मिरी. मीठ नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून अर्धा तास. गार झाल्यावर वर चरबीचा थर येतो. तू त्याच चरबीत कांदा परतायचीस आणि त्याचा वास गल्लीत जायचा, ते मला माहीत आहे, पण आता तो थर चमच्यानं काढून टाक. कांदा चमचाभर तेलावर परत.

हे सगळं आदल्या दिवशी करून ठेव. तुला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही आणि एका दिवसात सगळं उरकायची काहीच गरज नाही. शिजलेलं मटण फ्रिजमध्ये रात्रभर उत्तम राहतं.

रविवारी १०० ग्रॅम मॅक्रोनी उकळायची, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी, कारण उरलेली ती भाजताना शिजते. एक कांदा, एक मोठा टोमॅटो, चमचाभर कांदा-लसूण मसाला. मसाल्यात मीठ असतंच, म्हणून वेगळं घालू नको. मटण अगदी शेवटी घाल आणि जोरात ढवळू नको, नाहीतर रेशे मोडून त्याचा खिमा होतो. पांढऱ्या ग्रेव्हीला २० ग्रॅम बटर, दोन सपाट चमचे मैदा, पाव लिटर दूध. मैदा कच्चा राहता कामा नये, पण रंगही बदलू द्यायचा नाही. दूध कोमट असेल तर गुठळी होत नाही. ग्रेव्ही तुला नेहमी वाटते त्यापेक्षा पातळ ठेव, मॅक्रोनी ती पिऊन घेते. घट्ट झाली तर मॅक्रोनीचं पाणी वाटीभर राखून ठेवलेलं असू दे. चीज दोन क्यूब पुरे, आणि ते किसायचं काम बाबांचं.

ओव्हन माळ्यावर आहे. बाबा, तुम्ही स्टुलावर चढणार नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारा, तो आनंदानं काढून देईल. त्याची वायर जुनी झालीय, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, मगच लावा. तेवढं जमलं नाही तर कुकर आहेच. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला जाड मीठ, त्यावर जाळी, दहा मिनिटं तापवून मग मॅक्रोनीचे थर लावलेला स्टीलचा डबा आत, बारीक गॅसवर अर्धा तास. लोडशेडिंगच्या दिवसांत तू असंच करायचीस. कुकरमध्ये वरचा थर तांबूस होत नाही, म्हणून टोस्टचा चुरा आधी तव्यावर थोड्या बटरवर खमंग परतून घे आणि वाढताना वर घाल. टोस्ट गोडे नकोत, साधे आणा. काढल्या काढल्या कापू नका. दहा मिनिटं थांबलं की थर धरतात, नाहीतर सगळं ताटात वाहतं.

आई, आयुष्यभर तू दहा माणसांचा स्वयंपाक केलास, सणावारी वीस-पंचवीसांचा. कोण काय खातं, कुणाला तिखट चालत नाही, सगळं तुझ्या लक्षात. त्या दहांत तू आणि बाबाही होतात. बाकीचे सांगलीला, पुण्याला गेले म्हणून तुमच्या दोघांच्या जेवणाची किंमत कमी झालेली नाही. खिचडी रोज रात्री खाल्लीत तर अंगात ताकद कुठून येणार? गेल्या महिन्यात बाबांचे कपडे सैल झालेले मी पाहिले. तेव्हा बोलले नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. बाबांना तोंडाला चव नाही असं तू म्हणतेस. मला वाटतं त्यांना चव आहे, समोर रोज तेच येतं म्हणून घास उतरत नाही. हे खाऊन बघू दे त्यांना.

दिवाळीत आम्ही येऊच, तेव्हा मोठ्या थाळ्यात सगळ्यांसाठी करू, दादालाही बोलावू. पण त्याची वाट बघत बसू नका. दिवाळीची सगळ्यांची, या रविवारची तुमची दोघांची.

एक विचारायचं राहिलं. माझ्या ग्रेव्हीला तुझ्यासारखा वास येत नाही. मी मिरपूड घालते. तू जायफळ घालायचीस का गं? आणि घालत असशील तर दुधात की थेट वरून किसून? रविवारी करताना लक्ष ठेव आणि रात्री फोन कर.

तुमची,
सुमी