‘थंड रक्ताचे’ म्हणून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला तापणाऱ्या पाण्यावरचा लेख वाचला. ‘मासे थंड रक्ताचे, पाणी गार झाले की सुस्तावतात, तापले की चपळ होतात’ हे त्यातले वाक्य मात्र खटकले. ते जेमतेम अर्धे खरे आहे. (ट्यूना तर आपले तांबडे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा ऊबदार राखतो. त्याला थंड रक्ताचा कसे म्हणायचे?)

माशाच्या कातडीखाली दोन्ही कुशींना गडद तांबूस पट्टा असतो, बाकी मांस बहुतेक पांढरे. तांबडे स्नायू ऑक्सिजनवर चालतात आणि संथपणे तासन्‌तास पोहू शकतात. पांढरे झडप घालायला, जीव घेऊन पळायला. ते लवकर दमतात. गार पाण्यात तांबडे स्नायू मंदावतात. त्यामुळे कार्प मासा २० अंशांना जो वेग नुसत्या तांबड्या स्नायूंवर सहज राखतो, त्यासाठी १० अंशांना त्याला पांढरेही जुंपावे लागतात. सुस्ती दिसते ती इथपर्यंतच.

पुढची गोष्ट लेखात आलीच नाही. कार्प किंवा गोल्डफिश काही आठवडे गार पाण्यात राहिले, की त्यांच्या स्नायूंतले मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन बदलते, तांबड्या तंतूंत मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) वाढतात, पेशींच्या पटलांतली चरबी अधिक पातळ राहील अशी होते. मासा पुन्हा बऱ्यापैकी वेगाने पोहू लागतो. पण याची किंमत असते : थंडीला सरावलेला हाच मासा एकदम कोमट पाण्यात टाकला, तर तिथे मुरलेल्या माशाच्या मागे पडतो.

आणि तापले की चपळ? कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सॉकाय सामन या माशाच्या पिल्लांचा दीर्घकाळ पोहत राहण्याचा वेग सुमारे १५ अंशांना सर्वाधिक भरला. त्यापुढे ऑक्सिजन अपुरा पडू लागला. गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. शरीराची मागणी मात्र वाढलेली असते. झेब्राफिशमध्ये तर अंड्यात असतानाच्या तापमानाचा ठसा मोठेपणीच्या स्नायूंवर आणि पोहण्यावरही उमटतो.

स्नायूंची ही फेरबांधणी आठवड्यांच्या हिशेबाने चालते. उष्णतेची लाट तेवढी थांबत नाही. म्हणून लेखातल्या आलेखात नुसती वार्षिक सरासरी पुरेशी नव्हती. पाणी किती दिवसांत किती अंशांनी तापले, हे पुढच्या भागात द्यावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक