यादीबाहेरचे चित्रपट आणि त्यांची खरी लांबी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या दिग्दर्शकाची जयंती-पुण्यतिथी आली, की पुरवण्यांत ‘हे दहा चित्रपट चुकवू नका’ अशी चौकट ठरलेली असते. कुरोसावा म्हटले की ‘सेव्हन सामुराई’ आणि ‘राशोमोन’, हिचकॉक म्हटले की ‘सायको’, राय म्हटले की ‘पथेर पांचाली’. २०२५मध्ये गुरुदत्त यांची जन्मशताब्दी आली, तेव्हाही ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’च्या पुढे गाडी फारशी सरकली नाही. हे चित्रपट थोर आहेत, वाद नाही. अडचण अशी, की गाजलेल्या चित्रपटात पटकथा, नट, संगीत सगळेच इतके जुळून आलेले असते की दिग्दर्शकाचा वाटा वेगळा काढता येत नाही. त्यांच्याच पडलेल्या, तुटपुंज्या पैशात केलेल्या किंवा दोन मोठ्या कामांच्या मधे झालेल्या चित्रपटात सांधे उघडे दिसतात. कारागिरी समजून घ्यायची तर तिथेच बघावे.

कुरोसावांचा ‘आय लिव्ह इन फिअर’ (१९५५) घ्या. ‘सेव्हन सामुराई’च्या लगेच पुढच्या वर्षीचा हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला. एका ओतशाळेच्या म्हाताऱ्या मालकाला अणुबॉम्बची इतकी धास्ती बसते, की सगळे कुटुंब, त्यात बाहेरच्या बायका आणि त्यांची मुलेही आली, घेऊन ब्राझीलला जायचे तो ठरवतो. घरचे लोक त्याला वेडा ठरवण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात खेचतात. १९५४च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, त्या भीतीचे हे दिवस. याच भीतीतून तोहो स्टुडिओने १९५४मध्येच ‘गोजिरा’ (गॉडझिला) हा राक्षस पडद्यावर आणला. प्रेक्षकांनी राक्षस डोक्यावर घेतला आणि म्हाताऱ्याकडे पाठ फिरवली.

म्हाताऱ्याची भूमिका तोशिरो मिफुनेंनी केली, तेव्हा त्यांचे वय होते ३५. रंगभूषेपेक्षा त्यांच्या मानेकडे आणि हातातल्या पंख्याकडे लक्ष ठेवा. म्हातारपण आवाज कापरा करून दाखवलेले नाही, ते आखडलेल्या मानेत आणि थांबून थांबून होणाऱ्या हालचालीत आहे. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. ‘सेव्हन सामुराई’च्या शेवटच्या लढाईसाठी कुरोसावांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले होते. तीच पद्धत इथे त्यांनी घरातल्या आणि न्यायालयातल्या भांडणांना लावली. त्यामुळे एका कोनातून दुसऱ्या कोनात कट जातो, तरी घाम पुसणारा हात अर्ध्यावर तुटत नाही, कारण दोन्ही शॉट एकाच क्षणाचे आहेत. एकाच कॅमेऱ्याने तो प्रसंग पुन्हापुन्हा करून घेतला असता, तर दहा माणसांच्या कोंदट खोलीत हे सांधणे जवळपास अशक्य होते. दोष मोठा आहे आणि तो लपत नाही: पात्राच्या तोंडी घातलेले ‘मग वेडा कोण?’ या वळणाचे प्रश्न प्रेक्षकाने विचारायचे होते, ते पात्रच विचारून मोकळे होते. संगीतकार फुमिओ हायासाका चित्रपट पुरा होण्याआधीच वारले आणि उरलेले काम मासारू सातो यांनी केले. सुरुवातीचे संगीत आणि नंतरची जवळपास शांतता यांतला फरक कानाला जाणवतो.

हिचकॉकचा ‘द राँग मॅन’ (१९५६) हा तर ‘व्हर्टिगो’च्या आधीचा चित्रपट, पण त्याचे नाव क्वचितच निघते. १९५३मध्ये न्यूयॉर्कमध्ये खरोखर घडलेली हकीकत आहे. क्लबमध्ये वाद्य वाजवणारा मॅनी बायकोच्या अक्कलदाढांसाठी ३०० डॉलर हवेत म्हणून तिच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढायला जातो आणि काउंटरवरच्या बाया त्याला पूर्वीचा दरोडेखोर समजतात. आपल्याच चित्रपटात क्षणभर दर्शन देण्याची हिचकॉकची खोड इथे नाही. सुरुवातीलाच तो पडद्यावर येऊन हे सगळे खरे आहे, असे सांगतो. पुढे विनोद जवळजवळ नाहीच, आणि बहुधा म्हणूनच प्रेक्षक बिथरले असावेत.

पोलीस मॅनीकडून दरोड्याची चिठ्ठी लिहून घेतात तो प्रसंग थांबून पाहण्यासारखा आहे. मजकूर सांगितला जातो, तो निमूट लिहितो आणि एका शब्दाची शेवटची दोन अक्षरे गाळतो. नेमकी तीच चूक खऱ्या दरोडेखोराच्या चिठ्ठीत असते. कुठेही आरडाओरडा नाही. कागद शेजारी ठेवले जातात आणि माणूस संपतो. नंतर बोटांना लागलेली ठशांची शाई, बेड्या पडल्यावर मान खाली घातलेल्या मॅनीला दिसणारे इतरांचे बूट, हे सगळे त्याच्या नजरेच्या उंचीवरून घेतले आहे. आणि तो शॉट: मॅनी येशूच्या तसबिरीसमोर प्रार्थना करतो आहे, त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रस्त्याचे दृश्य चढते, दुरून एक माणूस चालत येतो, आणि त्याचा चेहरा मॅनीच्या चेहऱ्याच्या जागी नेमका तेवढ्याच मापाने बसतो. दोन चित्रे एकमेकांवर चढवण्याची ही युक्ती मूकपटांच्या काळापासूनची आहे. इथे ती काम करते, कारण त्याआधी तासभर हिचकॉकने कसलीच युक्ती वापरल्यासारखे वाटू दिलेले नाही. बायकोच्या मनावर होणारा परिणाम व्हेरा माइल्सने इतक्या हलक्या हाताने दाखवला आहे, की शेवटी पाटी टाकून ‘सगळे ठीक झाले’ असे सांगणे हे उघड ठिगळ वाटते. ती पाटी मनातून वगळावी.

वृत्तपत्रात पत्र लिहितो आहे, म्हणून बिली वाइल्डरचा ‘एस इन द होल’ (१९५१) टाळणे बरे दिसणार नाही. मोठ्या शहरांतल्या नोकऱ्या घालवून बसलेला बातमीदार (कर्क डग्लस) लहान गावच्या दैनिकात येतो. गुहेत अडकलेल्या एका माणसाची बातमी त्याच्या हाती लागते, आणि ती बातमी टिकावी म्हणून तो सुटकेचा जवळचा मार्ग सोडून लांबचा मार्ग धरायला लावतो: आतून आधार देत जाण्याऐवजी डोंगराच्या माथ्यावरून खोदकाम. वाट पाहणाऱ्यांची जत्रा भरते आणि तिथली प्रवेशाची पाटी बदलत जाते, आधी फुकट, मग पैसे, मग आणखी पैसे. वाइल्डर त्या पाटीवर एकदाही भाष्य करत नाही. चित्रपट पडला, तेव्हा पॅरामाउंटने ‘द बिग कार्निव्हल’ असे नाव बदलूनही पाहिले. शोधताना दोन्ही नावांनी शोधावे. सत्तर वर्षांपूर्वीचा हा बातमीदार आजच्या कुठल्याही वाहिनीवर खपून जाईल, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आपल्याकडचे चित्रपट. राय यांचा ‘कापुरुष’ (१९६५) हा ‘चारुलता’नंतरचा, सौमित्र चटर्जी आणि माधवी मुखर्जी हीच जोडी असलेला, जेमतेम सव्वा तासाचा. गाडी बंद पडल्याने पटकथालेखक एका चहामळेवाल्याकडे मुक्कामाला राहतो, आणि यजमानाची बायको निघते त्याची जुनी प्रेयसी. बोलणे सगळे नवऱ्याचे आणि खेळ सगळा उरलेल्या दोघांच्या नजरांचा. शेवटी स्टेशनवर झोपेच्या गोळ्यांवरून जे घडते, ते पाहून ‘चारुलता’चा शेवट पुन्हा पाहावासा वाटतो. हा बहुतेक वेळा ‘महापुरुष’ या विनोदी चित्रपटाला जोडूनच दाखवतात. तो मला फारसा रुचला नाही, दुसऱ्या दिवशी पाहिला तरी चालेल.

दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ (१९८१) मराठी माणसाने तरी पाहिलेली असावी: प्रेमचंदांची कथा, ओम पुरी, स्मिता पाटील, आणि पंडिताच्या भूमिकेत मोहन आगाशे. तासाभराच्या आत संपते. कुऱ्हाड आणि न फुटणारा लाकडाचा ओंडका यांचे आवाज राय यांनी इतके पुढे आणले आहेत, की तिथे पार्श्वसंगीताची उणीव भासत नाही. शेवटी प्रेताला हात न लावता ते ओढून नेण्यासाठी दोरीचा फास टाकला जातो. तिथे आगाशेंचा चेहरा पाहू नका, हात पाहा.

बिमल रॉय यांचा ‘परख’ (१९६०) ‘दो बिघा जमीन’ आणि ‘मधुमती’ यांच्या सावलीत राहिला. त्याची कथाही सलील चौधरींची आणि संगीतही त्यांचेच. ‘ओ सजना, बरखा बहार आई’ सगळ्यांना पाठ, चित्रपट मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. लोकोपयोगी कामासाठी योग्य माणसाला द्यायचा पाच लाखांचा धनादेश गावात येतो, आणि रातोरात सगळेच समाजसेवक होतात. ‘मुगल-ए-आझम’च्या वर्षी उत्तम दिग्दर्शनाचे फिल्मफेअर बिमलदांना या चित्रपटासाठी मिळाले होते. हृषिकेश मुखर्जींचा पहिला चित्रपट ‘मुसाफिर’ (१९५७) एकाच घरात लागोपाठ येणाऱ्या तीन भाडेकरूंचा आहे आणि त्याच्या लेखनात ऋत्विक घटक होते. तिसऱ्या गोष्टीत तो जड होतो, पण दिलीपकुमार लतादीदींबरोबर स्वतःच्या आवाजात गातो, तेवढ्यासाठीही चालेल.

अलीकडच्यांत दोनच. स्कॉर्सेसीचा ‘आफ्टर अवर्स’ (१९८५) एका रात्रीचा. टॅक्सीच्या खिडकीतून २० डॉलरची एकुलती एक नोट उडून जाते, मध्यरात्री भुयारी रेल्वेचे भाडे वाढते, आणि खिशातल्या चिल्लरीत घरी जाता येत नाही. वरच्या मजल्यावरून फेकलेल्या किल्ल्या थेट कॅमेऱ्यावर येतात, तेवढा एक शॉट पाहिला तरी छायालेखक मायकेल बालहाउस यांच्या वेगाची कल्पना येते. गूढ, काळोख्या चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) पाहून लोक बुचकळ्यात पडतात: गवत कापायच्या यंत्रावर बसून आजारी भावाला भेटायला निघालेला म्हातारा, आणि अमेरिकेत वितरण डिस्नेचे. त्याच्याच ‘लॉस्ट हायवे’मध्ये अंधारात अंगावर धावून येणारे रस्त्यावरचे पिवळे पट्टे इथे गोगलगाईच्या वेगाने सरकतात. एका ठिकाणी कॅमेरा म्हाताऱ्यावरून आभाळाकडे जातो, रेंगाळतो, खाली येतो, तर यंत्र जेमतेम पुढे गेलेले. लिंचचा विनोद ज्यांना कळत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

दुर्लक्षित म्हणजे आपोआप थोर, असे मात्र कोणी समजू नये. गुरुदत्त यांचा ‘बाज’ (१९५३) विसरला गेला ते योग्यच. हिचकॉकचा ‘टोपाझ’ (१९६९) कंटाळवाणा आहे, तीन वेगवेगळे शेवट चित्रित करूनही तो सावरला नाही. तरी त्यात एक शॉट आहे: गोळी लागून बाई खाली कोसळते आणि वरून पाहताना तिचा जांभळा झगा रक्ताच्या थारोळ्यासारखा पसरत जातो. झग्याला दोरे बांधून ते चहूबाजूंनी ओढले होते. तेवढे पाहून बंद केला तरी पाप लागणार नाही.

आता जो भाग कोणीच छापत नाही, तो. असे चित्रपट वाईट प्रतींतच जास्त फिरतात, आणि प्रत वाईट असली की दोष दिग्दर्शकाच्या माथी बसतो.

आधी लांबी तपासावी. स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ (१९७१) टीव्हीसाठी ७४ मिनिटांचा होता. परदेशात चित्रपटगृहांत लावण्यासाठी प्रसंग वाढवून तो ९० मिनिटांचा केला. ताण पहिल्यात जास्त आहे. कुरोसावांचा ‘द इडियट’ (१९५१) ४ तास २५ मिनिटांचा होता, स्टुडिओने कापून तो १६६ मिनिटांवर आणला, आणि आज तेवढाच मिळतो. सुरुवातीला पडद्यावर लांबलचक मजकूर येतो, तो कापलेल्या भागाची भरपाई आहे. हे ठाऊक नसेल तर कुरोसावांना कथा सांगता येत नव्हती, असाच ग्रह होतो. लांबी चार टक्क्यांनी कमी भरली, तर कात्री लागलेली असेलच असे नाही. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट युरोपीय टीव्हीच्या पद्धतीने २५च्या वेगाने चालवला, की १०५ मिनिटांचा चित्रपट १०१ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित पातळ होतात. गाण्यांच्या चित्रपटात हे लगेच खटकते.

मग चौकटीचा आकार. साधारण १९५३पूर्वीचे जवळजवळ सगळे, आणि आपल्याकडचे त्यानंतरचेही बरेच चित्रपट उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद आहेत. आजच्या रुंद पडद्यावर ते दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवूनच दिसले पाहिजेत. पडदा पूर्ण भरलेला दिसला, तर दोनपैकी एक झाले आहे: वरून-खालून मिळून जवळपास पाव चित्र कापले आहे, म्हणजे कपाळे आणि पाय गेले, किंवा चित्र आडवे ताणले आहे. ओळखायला सोपे. दृश्यात भिंतीवरचे घड्याळ किंवा गाडीचे चाक समोरून दिसेल तेव्हा ते गोल आहे का पाहावे. लंबगोल असेल तर टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मूळ आकार’ निवडावा. कापलेली प्रत मात्र कुठल्याच बटणाने दुरुस्त होत नाही, दुसरी शोधावी. त्याच ठिकाणी ‘मोशन’ नावाने असलेली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर १९५६चा न्यूयॉर्कही काल चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसतो. कृष्णधवल चित्रपटाची रंगवलेली प्रत घेऊ नये. बंगाली चित्रपट उपशीर्षकांसह पाहताना पहिल्या पाच मिनिटांत ओळी संवादाच्या मागे-पुढे पडत नाहीत ना, ते बघून घ्यावे. ‘कापुरुष’मध्ये मौन कोणी पाळले हेच कळले नाही, तर उरले काय?

आणि जोडी लावून पाहावे: ‘सेव्हन सामुराई’ आणि त्याच आठवड्यात ‘आय लिव्ह इन फिअर’, ‘चारुलता’ आणि ‘कापुरुष’, ‘लॉस्ट हायवे’ आणि ‘द स्ट्रेट स्टोरी’. उलट क्रमाने पाहिले तर लहान चित्रपट नुसता लहान वाटतो.

विनंती एवढीच, की पुरवणीत चित्रपट सुचवताना नावासोबत वर्ष, मूळ लांबी मिनिटांत आणि चौकटीचा आकार छापावा, नाव बदलले असेल तर दुसरे नावही द्यावे. चौकटीतल्या दहापैकी दोन जागा यादीबाहेरच्या चित्रपटांना ठेवता आल्या तर उत्तमच. सुरुवात ‘परख’पासून करता येईल.

कळावे,
आपला एक वाचक